एग कुकर : पाणी उरतंय, अंडी कच्ची राहतायत, तळाला पांढरा थर

दुपारचा_चहा (शनिवार, सकाळी ९:४०)

नमस्कार मंडळी. पाककृतींच्या विभागात हा प्रश्न टाकावा की घरगुती उपकरणांत, कळेना. शेवटी इथेच टंकतेय.

आमच्याकडे सात अंड्यांचा छोटा एग कुकर आहे. खाली गोल तवा, वर जाळी, त्यावर पारदर्शक झाकण, सोबत बुडाला सुई असलेला मापाचा कप. तीन वर्षं बिनतक्रार चालला. मागच्या वर्षी आम्ही वाघोलीला राहायला आलो. इथे अर्धं बोअरचं, अर्धं टँकरचं पाणी. आधी तव्यावर पांढरे ठिपके आले, मग चकती, आता पापड वाळत घातल्यासारखा खरखरीत थर आहे. मधोमध तपकिरी डागही आहेत.

खरी अडचण पुढेच आहे. पूर्वी सहा अंडी तेरा-चौदा मिनिटांत कडक व्हायची. आता आठव्या मिनिटालाच दिवा विझतो, झाकण उघडावं तर खाली पाणी शिल्लक आणि अंड्याचा पांढरा भाग लिबलिबीत. कप तोच, खूण तीच. नवरा म्हणतो कॉइल गेली, नवा घेऊ. मला पटत नाही. मी तारेच्या घासणीने घासून पाहिलं. थर जेमतेम निघाला, तव्यावर ओरखडे मात्र उठले.

काय करू?

शेंगदाणा (शनिवार, ९:५८)

सोप्पं आहे. खायचा सोडा घाला, वर व्हिनेगर ओता, भसाभसा फेस येतो, पाच मिनिटांत चकाचक. रीलमध्ये पाहिलंय.

मी_अमुक (शनिवार, १०:०३)

+१. किंवा बाथरूमच्या फरशीचं ॲसिड दोन थेंब. आमच्या बोअरच्या नळांना तेच लावतो.

कथिलवाला (शनिवार, १०:३१)

अमुकराव, कृपा करून ते दोन थेंब मागे घ्या. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. तवा ॲल्युमिनियमचा असेल तर खड्डे पडतील, स्टीलचा असला तरी धड राहणार नाही. शिवाय त्याच तव्यावर उद्या अंडी वाफवायची आहेत. फरशीची बाटली स्वयंपाकघरात आणूच नये.

शेंगदाणा, फेस बघायला छान असतो हे कबूल. पण सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांना मारून मोकळे होतात, थरासाठी कुणी उरतच नाही. तो सगळा फेस सोड्याचा असतो. नुसतं व्हिनेगर घातलंत तर बारीक बुडबुडे येतील, दिसायला किरकोळ, पण ते थरातून येत असतात. ते कामाचे.

आता चहाताई, तुमच्या कुकरबद्दल. मी छोटी घरगुती उपकरणं दुरुस्त करण्यात पंचवीस वर्षं घालवलीत, तेव्हा थोडं लांबण लावतो.

या यंत्रात टायमर नसतो. तव्याखाली एक थर्मोस्टॅट चिकटवलेला असतो, दोन धातूंची पट्टी. तव्यावर पाणी आहे तोवर तवा शंभर अंशांच्या आसपास अडकून राहतो. पाणी संपलं की तापमान झपकन चढतं, पट्टी वाकते, सप्लाय तुटतो. म्हणजे 'अंडी झाली' हे यंत्राला कळत नाही, त्याला फक्त 'पाणी संपलं' एवढंच कळतं. म्हणून तर कपावर मिनिटांऐवजी पाण्याच्या खुणा असतात.

तुमच्या तव्यावर क्षाराची गोधडी पसरली आहे. उष्णता पाण्यापर्यंत धड जात नाही, गोधडीखाली तवा तापत राहतो. थर्मोस्टॅट बिचारा खालून बघतो, त्याला वाटतं पाणी संपलं. तो बंद करतो. वर पाणी आहे, अंडी कच्ची आहेत, हे त्याला कोण सांगणार? कॉइल गेली असती तर कुकर तापलाच नसता. यजमानांना सांगा, नवा घेतलात तरी त्याच पाण्यावर वर्षभरात हेच होणार.

दुपारचा_चहा (शनिवार, १०:४४)

कथिलवाला काका, दंडवत! यजमानांना मोठ्याने वाचून दाखवलं. 'हं' म्हणाले. आमच्या घरात याचा अर्थ माघार असा होतो.

पण एक सांगा, याच पाण्यात पातेल्यात बटाटे उकडते, त्याला एवढा थर का येत नाही?

आकडेमोड (शनिवार, ११:२०)

कारण पातेल्यातलं पाणी तुम्ही ओतून टाकता. क्षार बरेचसे त्याच्याबरोबर मोरीत जातात. एग कुकरात शेवटचा थेंबसुद्धा आटतो. वाफ जाते, क्षार कुठे जाणार? तव्यावरच बसतात.

हिशोबच मांडतो. समजा पाण्याचा कठीणपणा लिटरला ४०० मिलीग्रॅम आहे. बोअरच्या पाण्यात हे काही जगावेगळं नाही. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी २०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे. एका वेळी ६० मिली पाणी घातलंत की त्यातले २४ मिलीग्रॅम तव्यावर राहिले. रोज एकदा धरलं तर महिन्याला ७२० मिलीग्रॅम, म्हणजे पाऊण ग्रॅमला टेकलं. तेवढा चुना तळहाताएवढ्या तव्यावर फासून बघा. तुमचं वर्ष झालंय.

किराणा दुकानातल्या व्हिनेगरमध्ये ॲसेटिक ॲसिड ४ ते ५ टक्के असतं. त्या हिशोबाने एका महिन्याच्या थराला साधारण २० मिली, चहाचे चार चमचे पुरतात. वर्षाच्या थराला एका फेरीत होणार नाही, तीन-चार फेऱ्या धरा.

गवती_चहा (शनिवार, ११:२६)

आमच्या सांगलीकडे अशा पाण्याला 'जड पाणी' म्हणतात. डाळ शिजत नाही, साबणाला फेस नाही, आणि सुनेने चहा केला की त्यालाही चव नाही. पहिल्या दोन गोष्टींना पाणी जबाबदार असतं, तिसरीला सून.

शेंगदाणा (शनिवार, ११:२९)

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आणि सोडा-व्हिनेगरचे शब्द मागे.

भाटिया_बागेजवळ (शनिवार, १२:१०)

मुंबईकर असल्याचा आज अभिमान वाटला. चार वर्षं झाली, आमच्या कुकरावर जेमतेम एक पुसट वर्तुळ. तानसा, भातसा, मोदकसागर, सगळं पावसाचं साठवलेलं मऊ पाणी. जागा दोनशे चौरस फूट आहे, पण तवा स्वच्छ आहे.

म्युनिकचा_मोरू (शनिवार, दुपारी १:०५)

इकडे जर्मनीत हा कुकर घरोघरी दिसतो, 'आयरकोखर' म्हणतात. रविवारच्या न्याहारीला मऊ अंडं हवंच असतं त्यांना. आणि आमच्या म्युनिकचं पाणी डोंगरातून येणारं, चवीला सुंदर, पण चांगलंच कठीण. जर्मन मोजमापात सोळा अंशांच्या घरात. एक अंश म्हणजे लिटरला साधारण १८ मिलीग्रॅम, तेव्हा २८५ च्या आसपास धरा. त्यामुळे क्षार काढणं हा इथला राष्ट्रीय छंद आहे.

दोन गोष्टी अनुभवाच्या. पहिली, लिंबूसत्व वापरणार असाल तर पाणी गार किंवा अगदी कोमट ठेवा, कुकर चालू करू नका. मी हुशारी करून उकळवलं होतं. लिंबूसत्व आणि कॅल्शियम गरम पाण्यात मिळून नवीनच पांढरा साका तयार करतात, कॅल्शियम सिट्रेट, आणि तो पहिल्यापेक्षा चिवट. थर काढायला गेलो आणि थर लावून आलो.

दुसरी, इथे २५ टक्क्यांचा व्हिनेगर अर्क मिळतो. नवीन आलेली मुलं तो नेहमीच्या व्हिनेगरसारखा तसाच ओततात आणि वर कुकर चालू करतात. वाफ डोळ्यांत गेली की मग आईची आठवण येते. भारतातल्या साध्या व्हिनेगरचीही वाफ कोंडू नका. झाकण न लावता, खिडकी उघडून.

कथिलवाला (शनिवार, १:४०)

मोरूशेठ, सिट्रेटचा मुद्दा लाखमोलाचा. मी स्वतः हे लोकांना सांगायला विसरतो.

चहाताई, कृती अशी करा. प्लग काढा. नुसतं बटण बंद नको, प्लगच काढा. तवा पूर्ण गार होऊ द्या. तवा बुडेल इतपत व्हिनेगर आणि तेवढंच कोमट पाणी ओता, काठापर्यंत नको. अर्धा तास सोडा. मध्येमध्ये लाकडी उलथन्याने हलकेच खरवडा. मग बेसला पाणी लागू न देता वाकडं करून ओता, ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसा. थर उरला तर पुन्हा. रात्रभर मात्र भिजवून ठेवू नका, विशेषतः तव्यावरचं कोटिंग ओरखडलंय म्हणता तेव्हा. खालचा ॲल्युमिनियम उघडा पडला असेल तर आम्ल त्यालाही खातं. शेवटी एकदा साधं पाणी घालून, अंड्यांशिवाय, झाकणाशिवाय चालवा आणि ओतून द्या, म्हणजे वास जाईल.

एक सावधगिरी. ब्लीचिंगचं पाणी आणि व्हिनेगर कधीही एकत्र नको, क्लोरीन वायू सुटतो. 'आधी हे लावलं, निघालं नाही म्हणून ते लावलं' अशातच हे घडतं.

केशरी_भात (शनिवार, दुपारी ३:१५)

थोडं वेगळं विचारू का? ताईंनी तपकिरी डागांचंही लिहिलंय. माझ्याकडे तेच आहेत, पांढरा थर फारसा नाही. व्हिनेगरने ढिम्म हलले नाहीत.

पाटावरची_आजी (शनिवार, ३:५०)

बाळा, ते अंड्याचं आहे. एखादं अंडं तडकतं, पांढरं खाली गळतं आणि तव्यावर करपतं. त्याला आंबट चालत नाही. भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब घालून गार पाण्यात भिजव. गरम पाणी ओतलंस तर अंडं अजून शिजून चिकटेल, एवढं साधं आहे. तासाभराने मऊ कापडाने निघतं. उरलंच तर जुना दात घासायचा ब्रश.

धुण्याचा सोडा लावू नको. ॲल्युमिनियमला सोडा लागला की काळं पडतं, आमच्या वेळी डब्यांचं असंच व्हायचं. तांब्या-पितळेची पावडरही नको, काळ्या कोटिंगवर ती कानशीसारखी चालते.

आणि अंडं तडकू नये म्हणून सुईने टोचायचं ते रुंद बाजूला. तिथे आत हवेची पोकळी असते. टोकाच्या बाजूला टोचणारी माणसं पाहिली आहेत मी.

केशरी_भात (शनिवार, ४:०२)

आजी, मी टोकाच्या बाजूला टोचणारा माणूस आहे. सुधारतो.

नीट_वाचा (शनिवार, ४:२०)

सुईचा विषय निघालाच आहे तर, ती सुई कोण कोण धुतं? कच्च्या अंड्याच्या कवचातून आरपार गेलेली सुई, तशीच कपाटात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. कपाच्या बुडाला असल्याने दिसत नाही आणि हाताला लागेल म्हणून कुणी घासत नाही. साबणाचं पाणी, ब्रश, मग कोरडी. गंजली असेल तर टाका आणि जाड टाचणी वापरा. घरात रांगतं मूल असेल तर कप वरच्या फळीवर.

उशिरा_उठणारा (शनिवार, ५:०५)

एक मूर्ख प्रश्न. जास्त अंड्यांना कमी पाणी आणि कमी अंड्यांना जास्त पाणी असं कपावर छापलंय. हे उलटं नाही का? मी तीन वर्षं 'छपाईची चूक' समजून उलट घालतोय.

आकडेमोड (शनिवार, ५:३०)

प्रश्न मूर्ख नाही, उपाय होता. गार अंड्यांवर वाफ आदळली की तिचं पाणी होतं आणि ते थेंब परत तव्यावर पडतात, पुन्हा वाफ. अंडी जास्त तर परत येणारं पाणी जास्त, म्हणजे तेवढंच पाणी जास्त वेळ पुरतं. दोनच अंडी असली की वाफ झाकणाच्या भोकातून सरळ निघून जाते, म्हणून पाणी जास्त लागतं.

यावरून आठवलं, झाकणाचं ते भोक तपासा. चिकटलेलं असलं तर वाफ कडेने फुसफुसते, बेसवर पाणी ओघळतं.

उशिरा_उठणारा (शनिवार, ५:३३)

म्हणजे बायको तीन वर्षं बरोबर होती. हा धागा उडवता येईल का?

वाड्यातली_सून (शनिवार, रात्री ८:१५)

आमच्याकडचा किस्सा, धडा म्हणून. घरकामाच्या मावशींनी प्रेमाने अख्खा कुकर नळाखाली धरला, खालूनवरून घासला, ओट्यावर पालथा घातला. दिसायला नवाकोरा. संध्याकाळी प्लग लावला आणि घरातले दिवे गेले. स्विच वर केला, पुन्हा गेले. तीनदा केलं. हे आम्ही काय करतोय ते शेजारच्या काकांनी येऊन सांगितलं, नाहीतर चौथ्यांदाही केलं असतं. मावशींना काय बोलणार, त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं की याचं खालचं अंग कोरडंच ठेवायचं.

कथिलवाला (शनिवार, ८:५०)

ट्रिप झालं हे नशीब समजा, वायरिंग चांगलं आहे तुमचं. जिथे ती सोय नाही तिथे झटका बसतो. असं झालं की प्लग लावून 'बघू या' करायचं नाही. पालथा घालून पंख्याखाली आणि उन्हात दोन-तीन दिवस. तांदळाच्या डब्यात पुरून काही होत नाही. नळीसारख्या कॉइलमध्ये आत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते, ती ओल धरून ठेवते, म्हणून बाहेरून कोरडा दिसला तरी फसू नका. नंतरही ट्रिप झालाच तर दुरुस्तीवाल्याला दाखवा किंवा निरोप द्या.

अजून एक. स्वस्तातल्या पुष्कळ कुकरांत थर्मोस्टॅट गार झाला की आपोआप पुन्हा चालू होतो. दिवा विझला म्हणजे कुकर बंद झाला असं नाही. कोरडा तवा पुन्हा पुन्हा तापत राहतो, कोटिंग त्यानेच जातं, आणि एक दिवस आतला थर्मल फ्यूज उडतो. दिवा विझला की प्लग काढा.

इंद्रायणी_तांदूळ (शनिवार, ९:२०)

अवांतर : अंडी सोडून कुणी यात काही करतं का? मी रताळी, मक्याचे दाणे करते. मागच्या गणपतीत पाच छोटे उकडीचे मोदक केले, सुंदर झाले. सासूबाईंना कळल्यावर मात्र दीड दिवसाचा गणपती आणि अडीच दिवसांचा अबोला.

पाटावरची_आजी (शनिवार, ९:३५)

बाप्पाच्या नैवेद्याला अंड्याचं भांडं? तुझ्या सासूबाईंनी अडीच दिवसांत सोडलं, माणूस चांगला आहे.

गवती_चहा (शनिवार, ९:४१)

आमचा एग कुकर मुळात बाल्कनीत राहतो. स्वयंपाकघरात त्याला प्रवेश नाही. बाल्कनीत प्लग नसल्याने एक्स्टेंशन बोर्ड, आणि पावसाळ्यात उपास. दर ओल्या वस्तूशेजारी एक्स्टेंशन नको म्हणून कथिलवाला ओरडतील, त्याआधीच कबूल करते.

कथिलवाला (शनिवार, ९:४४)

ओरडलो असं समजा.

बर्फातला_वऱ्हाडी (रविवार, सकाळी ७:१०)

विस्कॉन्सिनमधून. उशीर झाला, पण विषय माझ्या जिव्हाळ्याचा. इथे मॅडिसनला हँक्सक्राफ्ट नावाची कंपनी होती, दुसऱ्या महायुद्धाआधीपासून चिनी मातीचे रंगीत एग कुकर बनवायची. एक मला जुन्या बाजारात मिळाला. त्यात कॉइलच नाही! पाण्यातूनच वीज जाते, पाणी स्वतःच तापतं, आणि आटलं की वाट तुटून आपोआप बंद. ना थर्मोस्टॅट ना काही.

गंमत म्हणजे पाणी फार मऊ असेल तर हा चालत नाही, वीज वाहायला क्षारच नसतात. चिमूटभर मीठ टाकावं लागतं. तुमचं वाघोलीचं पाणी याला अमृत ठरलं असतं. मी तो फक्त मांडून ठेवलाय, ऐंशी-नव्वद वर्षांच्या वायरवर माझा विश्वास नाही.

दुपारचा_चहा (रविवार, दुपारी १२:३०)

अहवाल देते.

काल रात्री पहिली फेरी केली. अर्धा व्हिनेगर, अर्धं कोमट पाणी. कान लावून ऐकलं तर सुर्र आवाज येत होता. अर्ध्या तासाने पाणी दुधट झालं आणि कडेचे पोपडे उलथन्याने आपसूक सुटले. दुसऱ्या फेरीत मधली चकती निघाली. आज सकाळी तिसरी. तपकिरी डागांना आजींचा गार पाण्याचा उपाय, तासाभरात गेले. माझे ओरखडे तेवढे दिसतात.

मग सहा अंडी लावली. स्वयंपाकघरात दोघंही घड्याळ घेऊन उभे. तेरा मिनिटं वीस सेकंद, तवा कोरडा, अंडी कडक. यजमानांनी चार खाल्ली आणि 'मी आधीच म्हणालो होतो, थर असणार' असं ऐकवलं.

आता रोजच्यासाठी आरओचं पाणी वापरणार. झाकणावर आलेला धुरकटपणाही थोडा गेला, पण काही राहिलाय.

आकडेमोड (रविवार, १२:५२)

व्हिनेगरच्या फडक्याने जे गेलं ते क्षार होते, जे राहिलं ते बारीक ओरखडे. ते जाणार नाहीत. झाकण खरखरीत बाजूने घासू नका, एवढंच.

आरओच्या पाण्यातही थोडे क्षार असतातच, तेव्हा दोन-तीन महिन्यांनी एक फेरी ठेवा. आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी किंवा एसीतून टपकणारं पाणी कुणी सुचवेल, त्या आधीच सांगतो, खाण्याच्या भांड्यात ते नको.

मी_अमुक (रविवार, १२:५५)

मी एसीचं पाणी लिहीतच होतो.

नीट_वाचा (रविवार, १:१०)

वाखूसा (वाचनखूण साठवली). धुतल्यावर झाकण लगेच घट्ट लावून कपाटात ठेवू नका, हेही जोडा. आत एक थेंब राहिला तरी आठवड्याने उघडताना जो अंड्याचा वास येतो, त्याने घरातला शाकाहार वाढतो.

दुपारचा_चहा (रविवार, १:४०)

सगळ्यांचे आभार. आता यजमान गीझरचं झाकण उघडायला पेचकस शोधतायत. म्हणतात तिथेही व्हिनेगर घालू.

कथिलवाला (रविवार, १:४२)

पेचकस लपवा. गीझरसाठी वेगळा धागा काढा, मी येतो.